गॅरेजातलं विमान, वाचकांचे प्रश्न: आधी ओळंबा, मग रिव्हेट

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की शेपटीचं किट संपलं की खरी मजा पंखात सुरू होते, आणि पंख बांधताना तो धरून ठेवायच्या स्टँडबद्दल जेमतेम दोन ओळी खरडल्या होत्या. सगळ्यात जास्त पत्रं त्या दोन ओळींवरच आली, त्यामुळे यावेळचा अख्खा कॉलम स्टँड आणि हत्यारांवर. नवीन वाचकांसाठी थोडक्यात, मी ओहायोत राहतो आणि दोन गाड्यांच्या गॅरेजात आरव्ही-7 बांधलं, सात वर्षं लागली (बायको नऊ म्हणते, ती कंपाउंडमध्ये पहिली पेटी उतरली त्या दिवसापासून ते गाडी परत आत लागली त्या दिवसापर्यंत मोजते). आरव्ही म्हणजे ओरेगनमधल्या ऑरोरा गावच्या व्हॅन्स एअरक्राफ्टची किट विमानं, अल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेट मारून जोडायची, आत्तापर्यंत 11,000 च्या वर उडालीत. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौसेनं स्वतः केलेलं असलं की ते होमबिल्ट म्हणून रजिस्टर होतं, सगळे त्याला 51 टक्क्यांचा नियम म्हणतात. आता प्रश्न.

आरव्ही-7 च्या पंखांचं किट तीन आठवड्यांत येतंय. स्टँड लाकडाचा करू की लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड करून घेऊ? घर भाड्याचं आहे, फ्लोअरला बोल्ट मारता येणार नाहीत. – एक वाचक, ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

दादा, लाकूड की लोखंड हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न असा की स्टँड हलतो का. स्टँडचं काम एकच, पंखाचा सांगाडा महिनोन्‌महिने एकाच जागी, एकाच आकारात धरून ठेवायचा. बाकी तो दिसायला कसा का असेना.

आरव्ही-7 ला बहुतेक जण करतात तो प्रकार सांगतो. दोन खांब, पंखाच्या दोन टोकांना एकेक, मेन स्पार (पंखाचा मुख्य लांब कणा) वरच्या बाजूला आडवा धरलेला, रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) खाली लटकलेल्या आणि सगळ्यात खाली रिअर स्पार, म्हणजे मागचा कणा. थोडक्यात पंखाचं नाक, म्हणजे पुढची कड, आकाशाकडे. मेन स्पार खांबावर बसवलेल्या लोखंडी अँगलवर टेकतो आणि तिथेच बोल्ट किंवा क्लॅम्पनं धरतात. रिअर स्पारसाठी खांबातून एक आडवा हात काढायचा आणि त्याला क्लॅम्प. शिवाय मध्ये एक टेकू, लांब बोल्ट आणि नट वापरून वरखाली करता येईल असा, कारण स्पार कितीही दणकट असला तरी मध्ये केसभर झोल येतोच आणि तो तसाच राहिला तर स्किन, म्हणजे सांगाड्यावरचा पत्रा, त्या झोलावरच रिव्हेट होते. खांब थोडे रुंद करून दोन्ही बाजूंना अँगल काढले तर डावा आणि उजवा पंख एकाच स्टँडवर पाठीला पाठ लावून बसतात, जागा वाचते, आणि दोन्ही पंख समोर दिसत राहिले की दोन डावे पंख बांधायचा धोकाही कमी होतो. हसू नका, रिबचं तोंड उलटं लावणारे पुष्कळ आहेत, मी त्यातलाच एक, पण क्लेकोवर (रिव्हेट मारेपर्यंत पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) असतानाच लक्षात आलं म्हणून वाचलो.

आता तुमचा बोल्टचा प्रश्न. फ्लोअरला नाही मारता येत तर खांब जमीन ते छत असे उभे करा आणि वर छताच्या तुळईला धरा, तेही चालत नसेल तर प्रत्येक खांबाला प्लायवूडचा रुंद T आकाराचा पाया करा, दोन्ही पाये खालून एका लांब लाकडानं एकमेकांना जोडा आणि वर वाळूच्या गोण्या टाका. हा जोड विसरू नका, नाहीतर दोन खांब म्हणजे दोन स्वतंत्र देश होतात आणि कोणीतरी झाडू मारताना एकाला धक्का दिला की झालं.

लाकूड घेताना मात्र माझी चूक करू नका. मी स्वस्तात मिळाले म्हणून ओले, औषध लावलेले 4 बाय 4 आणले, बाहेर डेक बांधायला वापरतात तसले, ते हिवाळ्यात हीटर लागल्यावर सुकले आणि सुकता सुकता एक खांब पिळवटला, चार महिन्यांनी ओळंबा सोडला तर वरचं टोक 3/16 इंच सरकलेलं. स्किन अजून क्लेकोवरच होत्या म्हणून निभावलं. भट्टीत सुकवलेलं लाकूड घ्या, आणून दोन आठवडे त्याच गॅरेजात पडू द्या आणि मग कापा. लोखंडी पाइप घेतलात तर उत्तमच, फक्त वेल्डिंग करताना तोही ओढला जातो, म्हणून वेल्डिंगनंतर परत मोजा.

आणि जमिनीवरून काहीही मोजायचं नाही! इकडच्या गॅरेजच्या फ्लोअरला पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतार असतो, फुटामागे साधारण 1/8 इंच धरला तरी दहा फुटांत सव्वा इंचाचा फरक पडतो. आपले गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा, खांबांची उंची तिनं जुळवा. लेझर लेव्हलही चालतो पण नळीत बॅटरी संपत नाही. मेन स्पार लेव्हल झाला की त्याच्या दोन्ही टोकांना, स्पारच्या एकाच कडेवरून, एकेक ओळंबा सोडा आणि रिअर स्पारपर्यंतचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे, कारण या विमानाच्या पंखाला मुद्दाम दिलेला पीळ नाहीच, मुळापासून टोकापर्यंत कोन तोच. दोन स्पारमधलं अंतर अडीच फूट धरलं आणि ओळंब्यात 1/8 इंचाचा फरक आला तर तो जवळजवळ पाव अंश पीळ झाला. उडताना विमान एका बाजूला झुकत राहतं आणि पायलट आयुष्यभर स्टिकला हलकासा दाब देत बसतो. सांगाडा उघडा आहे तोवर हा पीळ दोन बोटांनी निघतो, वरच्या आणि खालच्या दोन्ही स्किन रिव्हेट झाल्या की पंख म्हणजे बंद डबा, मग तो कशानंच निघत नाही. म्हणून मी प्रत्येक वेळी रिव्हेट गन हातात घ्यायच्या आधी ओळंबा बघायचो, आदल्या रात्री बघितला असला तरी.

एक सांगायचं राहिलं, स्पारच्या मुळाशी जी भोकं आहेत ती पुढे पंख बॉडीला जोडायची, अगदी नेमक्या मापाची. स्टँडला तिथून बोल्ट मारायचा असेल तर भोकापेक्षा थोडा बारीक, हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट टेप गुंडाळून हातानं सरकवा. ठोकायचं नाही.

मी ओझरच्या एचएएलमधून (सरकारी विमान कारखाना) निवृत्त झालेला फिटर. आमच्याकडे पंखाचं जिग, म्हणजे जोडताना भाग जागेवर धरणारा साचा, म्हणजे टनांनी वजनाचं लोखंडी काम असायचं, काँक्रीटमध्ये गाडलेलं, आणि ते ठरावीक मुदतीनं तपासलं जायचं. तुम्ही दोन लाकडी खांब आणि ओळंब्यावर विमान बांधायला सांगता हे वाचून झोप उडाली. शिवाय तुम्ही ज्याला क्लेको म्हणता त्याला आम्ही स्किन पिन म्हणायचो. – एक वाचक, नाशिक

काका, नमस्कार. तुमची झोप उडाली ते बरोबरच आहे, तुम्ही जी विमानं जोडलीत तिथे दोन लाकडी खांब लावले असते तर तुम्हाला घरी पाठवलं असतं. पण फरक कुठे आहे तो सांगतो. पूर्वी, म्हणजे 1970 च्या दशकात आरव्ही-3 बांधणाऱ्याला पत्रा कापायचा, रिब बसवायच्या, भोकं आखायची आणि पाडायची, सगळं स्वतः करावं लागायचं, त्यामुळे त्यालाही खरंखुरं जिग लागायचं, सांगाडा जिगमध्ये जसा असेल तसाच पंख व्हायचा. नंतरच्या किटांमध्ये, आरव्ही-7 त्यातलंच, स्किन, रिब आणि स्पारमधली भोकं कारखान्यातच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) पंचनं पाडलेली येतात. रिबचं भोक आणि स्किनचं भोक समोरासमोर आलं की भाग आपोआप जागेवर बसतो. म्हणजे जिग पत्र्याच्या भोकांतच शिरलंय असं म्हणा. स्टँडला फक्त वजन पेलायचं आणि पीळ येऊ द्यायचा नाही एवढंच उरलं.

तरी तुमचं म्हणणं अर्धं खरं आहेच, कारण भोकाला थोडी सैल जागा असते, आणि शेकडो भोकांमधली ती केसभर सैल जागा सगळी एकाच बाजूला गेली तर पंख पिळतो, क्लेको काही त्याला अडवत नाही. म्हणून ओळंबा.

आणि स्किन पिन हा शब्द ब्रिटिश पद्धतीचा, तुमच्याकडे तो राहिला. रिव्हेटच्या मागे टेकवायचा जड तुकडा, तुमच्या त्या डॉलीला आम्ही बकिंग बार म्हणतो. वस्तू तीच, आणि बोट मध्ये आलं की तोंडातून निघणारा शब्दही तोच.

हत्यारांचा तयार सेट घ्यावा की एकेक करून? तयार सेटची किंमत बघून नवरा म्हणतो एवढ्यात सेकंडहँड गाडी येईल. – एक वाचक, मिसिसागा, कॅनडा

ताई, गाडी येईल हे खरंय. पण तयार सेटमध्ये दोन तोटे, एक म्हणजे त्यात असलेल्या काही वस्तू तुम्ही कधीच वापरणार नाही, आणि दुसरं म्हणजे ज्या वस्तू रोज हातात असतात त्याच त्यात कामचलाऊ दर्जाच्या असू शकतात. मी अर्धा सेट, अर्धं सुटं असं केलं आणि परत करायची वेळ आली तर सगळं सुटंच घेईन.

माझा हिशोब साधा, जे हत्यार थेट रिव्हेटला किंवा भोकाला लागतं तिथे पैसे टाका, बाकी जुनं चालतं. म्हणजे रिव्हेट गन चांगली हवी, ट्रिगर हलका दाबला तर हलकी चालणारी, पूर्ण दाबला तर जोरात. 2 एक्स आणि 3 एक्स अशा दोन साइज लोक घेतात, एकच घ्यायची तर 3 एक्स. पंखाला लागणारे बहुतेक रिव्हेट दोन मापांचे, 3/32 इंचाचा चपट्या डोक्याचा, जो स्किनमध्ये सपाट बसतो, आणि 1/8 इंचाचा गोल डोक्याचा, जो आत रिब आणि स्पारला लागतो. या दोन्हीला 3 एक्स पुरते, हवेचं प्रेशर 30 ते 40 पीएसआयच्या आसपास ठेवून आधी भंगार पत्र्यावर मारून बघायचं आणि तिथून कमीजास्त करायचं. चपट्या रिव्हेटसाठी गनच्या तोंडाला लावायचा ठोकणारा तुकडा (त्यालाही सेटच म्हणतात) रबराची कड असलेला, मान हलणारा घ्या, रबर नसलेल्यानं स्किनवर चंद्रकोरी उमटतात आणि त्या रंगातूनही दिसतात.

बकिंग बार टंगस्टनचा घ्या. महाग वाटेल, हाताच्या पंजाएवढा तुकडा आणि भाव असा, पण टंगस्टन लोखंडाच्या दुपटीहून जड असतं, त्यामुळे छोटा तुकडा अडचणीच्या जागेत शिरतो आणि तरी रिव्हेट दोन सेकंदात बसतो. लोखंडी बारनं तेच काम करायला जास्त वेळ गन चालवावी लागते, तेवढ्यात बार घसरायचा चान्स वाढतो. डिंपल डाय पण चांगल्या, पॉलिश केलेल्या. पातळ पत्र्यात रिव्हेटचं डोकं बसायला भोकाभोवती खळगा दाबून काढतात तो डिंपल, आणि कमी दर्जाच्या डायनं काढलेला खळगा कडेला फुगतो, उन्हात बघितलं की स्किन गोधडीसारखी दिसते. त्यासाठी सी फ्रेम (डाय धरणारी C आकाराची चौकट) आणि हातोडा घ्या, किंवा ज्यात लिव्हर दाबून डिंपल होतो तसलं यंत्र, आवाज नाही करत. टेबलच्या वर तुकडे टाकून त्याचा डाय आणि टेबल एकाच लेव्हलला आणा, वर जुना गालिचा अंथरा, नाहीतर मोठी स्किन एका बाजूला लटकते, डायची पिन भोकाच्या शेजारी शिरते आणि एकाची दोन भोकं होतात. ती स्किन मग गॅरेजच्या भिंतीवर.

स्क्वीझर हा तिसरा. कडेचे रिव्हेट गन न वापरता चिमट्यासारखे दाबता येतात, हवेचा स्क्वीझर असला तर मनगट वाचतं. पैसे कमी असतील तर हातानं दाबायचा घ्या आणि हवेवरचा नंतर, वापरलेला चांगला मिळतो कारण विमान पूर्ण झालं की लोक तो विकतात.

क्लेको जुने घेतले तर चालतात पण हातात घेऊन बघून घ्या. मी एकदा न बघता ऑनलाइन लॉट घेतला आणि निम्म्यांच्या स्प्रिंग गेलेल्या निघाल्या. चांदीच्या रंगाचे 3/32 चे, तांब्याच्या रंगाचे 1/8 चे. पंखाला चांदीचे पाचशे तरी लागतात, तेवढे असले तरी शेवटच्या स्किनला कमी पडतात. दुसऱ्या भोकात लावत लावत चालायचं.

ड्रिल मशीन हवेवरचं, वेगानं फिरणारं. घरात भिंतीला भोक पाडतो ते इलेक्ट्रिक मशीन हळू फिरतं आणि पातळ पत्र्यात भोक तिरपं, त्रिकोणी होतं. ड्रिल बिट मात्र डझनानं घ्या, 40 नंबरचे (3/32 च्या रिव्हेटसाठी) जास्त, 30 चे (1/8 साठी) कमी, आणि धार गेली की फेकून द्या.

वाचवायचं कुठे? टेबल. दोन फूट बाय पाच फुटांची दोन टेबलं स्वतः करा, ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या चॅप्टर (शाखा) 1000 चं म्हणून एक साधं डिझाइन होमबिल्ट लोकांत प्रसिद्ध आहे, 2 बाय 4 लाकूड आणि वर एमडीएफ. दोन असली की एकत्र लावता येतात, वेगळी करता येतात. उंची तुमच्या कोपरानुसार ठरवा. नवऱ्याच्या नको.

कॉम्प्रेसर किती मोठा? – सॅन होजे

90 पीएसआयला 4-5 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) देणारा पुरतो. गनला हवा कमी लागते, हवेच्या ड्रिलला जास्त. टाकी जेवढी मोठी तेवढा तो कमी वेळा चालू होईल, आणि शेजाऱ्यांना गनपेक्षा कॉम्प्रेसरचाच जास्त त्रास होतो. तेल नसलेले छोटे मॉडेल सगळ्यात ओरडतात.

नवरा विमान बांधतोय, मला बकिंग बार धरायला बोलावतो, आणि रिव्हेट वाकडा झाला की चूक माझी. खरंच चूक माझी असते का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

ताई, बहुतेक वेळा नसते. पण आधी कोणाचं काय काम ते सांगतो म्हणजे पुढचं भांडण मुद्द्यावर होईल.

गनवाला बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर मारतो, तुम्ही आतून बार टेकवता, त्या टोकाला रिव्हेट फुगतो आणि पत्रा धरतो. फुगलेला भाग मूळ जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मा उंच आला की झालं. मोजायला छोटं गेज मिळतं, ते तुमच्या खिशात ठेवा, त्याच्या नाही, कारण फुगलेली बाजू फक्त तुम्हालाच दिसते. म्हणजे रिव्हेट चांगला की वाईट हा निकाल तुमचा. जुन्या कारखान्यांत बारवाला पत्र्यावर टकटक करून सांगायचा, एक टक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे छान, तीन म्हणजे बिघडला, काढ. तुम्हीही तेच वापरा, कानात प्लग आणि वरून मफ लावल्यावर बोललेलं काही ऐकू येत नाही आणि ओरडलं की राग आल्यासारखं वाटतं.

फुगलेला भाग एका बाजूला कलला असेल तर बार तिरपा टेकला होता, ती चूक तुमची. बाहेरचं डोकं पत्र्यापासून सुटलं असेल किंवा शेजारी चंद्रकोर उमटली असेल तर गन हलली, ती त्याची. रिव्हेट काठीसारखा वाकून आडवा पडला असेल तर बहुतेक वेळा लांबी चुकीची निवडली गेली, आणि लांबी कोण निवडतं? ज्याच्या हातात रिव्हेटची डबी आहे तो. आणि नियम एक, आधी बार टेकतो, मग गन चालू होते, आणि बंद होताना उलट, गन थांबल्याशिवाय बार काढायचा नाही. बार नसताना गन चालली तर स्किनमध्ये खड्डाच पडतो. म्हणजे सुरू करायची परवानगी बारवालीची.

दुसऱ्या महायुद्धात मिशिगनमधल्या विलो रनच्या कारखान्यात बी-24 बॉम्बर बनायची, 1944 मध्ये काम जोरात होतं तेव्हा तासाला एक विमान बाहेर पडायचं, आणि त्यात रिव्हेट मारणाऱ्या आणि बार धरणाऱ्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. हे नवऱ्याला सांगून बघा, उपयोग होईलच असं नाही.

बिघडलेला रिव्हेट काढताना भोक मोठं झालं. आता? – एक वाचक, डॅलस

घाबरू नका. एकापेक्षा जास्त उपाय आहेत, पण नेहमीचा म्हणजे 1/8 ची काडी आणि 3/32 एवढं छोटं डोकं असलेला एक रिव्हेट मिळतो, बांधणारे त्याला प्रेमानं ऊप्स रिव्हेट म्हणतात, भोक 30 नंबरनं साफ करून तो घालायचा, बाहेरून कुणाला कळतही नाही. शंभरेक आणूनच ठेवा. फक्त कडेपासून अंतर बघा, भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट लांब हवा, 1/8 ला म्हणजे पाव इंच. तेवढं नसेल तर स्वतःच्या मनानं काही करू नका, किट कंपनीच्या बिल्डर सपोर्टला फोटो पाठवा.

आणि काढताना डोक्याच्या मधोमध 40 नंबरचं ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीएवढंच आत जाऊ द्यायचं, मग पिन घालून डोकं तिरपं केलं की टपकन निघतं. एडी प्रकारच्या रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक ठिपका असतो, ड्रिल तिथेच बसवा. घाईत आरपार ड्रिल केलं की भोक मोठं होतं. रात्री अकरानंतर रिव्हेट काढू नये, हे मात्र माझं स्वतःचं शास्त्र.

आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजचे पाच जण. प्रोजेक्टसाठी अल्युमिनियमच्या पंखाचा चार फुटांचा तुकडा बांधायचाय, उडवायचा नाही, लोड टेस्ट करायचीय. बजेट खूप कमी. स्टँड आणि हत्यारं काय घ्यावीत? – पुणे

पोरांनो, मस्त. आधी एक, प्रोफाइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, कुठलं घ्यावं यावर महिना घालवू नका, आरव्ही-7 ला नाका (NACA) 23013.5 हे प्रोफाइल आहे (टोलनाका नव्हे), ते घ्या आणि कामाला लागा.

स्टँडसाठी रॅक बनवतात तो भोकांचा स्लॉटेड अँगल मनात आला असेल, कारण तो कुठल्याही हार्डवेअर मार्केटमध्ये मिळतो आणि वेल्डिंग लागत नाही. चालेल, पण एकटा अँगल पिळायला फार सोपा, हातानं धरून बघा, चिंध्यासारखा वळतो. म्हणून दोन अँगल जोडून चौकोन करा, प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा, आणि तिरपी पट्टी मारल्याशिवाय बोल्ट शेवटचे घट्ट करू नका. किंवा सरळ फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपच्या दोन घोड्या करून घ्या. त्याला गुण्या लावून दाखवायला सांगा, "बरोबर आहे साहेब" वर विश्वास ठेवू नका.

तुमच्याकडे सीएनसीची भोकं नाहीत, त्यामुळे तुम्ही 1970 च्या दशकातले बांधणारे आहात, तुम्हाला जिग म्हणजे खरंच जिग हवं. रिबचे फर्मे एमडीएफमधून एकाच वेळी एकत्र दाबून, एकावर एक रचून घासा, म्हणजे चूक असली तरी सगळ्या रिबांत सारखी असेल. मग मेन स्पारची लाइन म्हणून घट्ट ताणलेली दोरी आणि ओळंबे.

रिव्हेट गन विकत घेऊ नका. लोड टेस्टपुरतं पॉप रिव्हेट, म्हणजे एका बाजूनं ओढून बसवायचे, वापरले तर शिकण्यासारखं पुष्कळ उरतं, आणि त्याला कमी लेखू नका, आरव्ही-12 सारखं पूर्ण विमान बहुतांशी अशाच रिव्हेटवर बांधलं जातं. फक्त दुकानात मिळणारा साधा पॉप रिव्हेट आणि विमानाचा वेगळे, आणि लोड टेस्टमध्ये तो फरक दिसेल, तेच रिपोर्टमध्ये लिहा. क्लेको आणि त्यांची पक्कड मात्र आणा, पन्नास तरी, नट-बोल्टनं पत्रे तात्पुरते धरायचा प्रयत्न केला की एक संध्याकाळ एका रिबमध्ये जाते. भोकाच्या कडेचा बर (ड्रिलनं उरलेली धारदार कोर) काढायला मोठ्या ड्रिलचं टोक हातानं फिरवलं तरी पुरतं, दोन-तीन वळसे, जास्त नाही. पत्र्याची कड आधी कानस, मग पॉलिश पेपर, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागली पाहिजे, कारण भेग ओरखड्यातून सुरू होते.

पावसाळ्यात काम करणार असाल तर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा, आणि पत्र्यावरची निळी प्लास्टिक फिल्म वर्षभर तशीच ठेवू नका, तिच्याखाली ओल धरते आणि काढल्यावर पत्र्यावर किड्याच्या वाटेसारखी गंजाची नक्षी सापडते.

आणि जागा नाही म्हणून रडू नका. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, 2016 ला बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी ते बघितलं आणि 2017 मध्ये त्याचं रजिस्ट्रेशन झालं. तुमचा तर चार फुटांचा तुकडा आहे. पण वर्कशॉपच्या दाराची रुंदी आधी मोजा.

गॅरेजचं दार पश्चिमेला. संध्याकाळी अर्ध्या पंखावर ऊन येतं आणि त्या वेळी क्लेको लागत नाहीत, सकाळी लागतात. भूत आहे का? – ह्यूस्टन

भूत नाही, अल्युमिनियम आहे. एका मीटरला, एक डिग्री सेल्सिअस वाढलं की ते साधारण 0.023 मिलिमीटर लांबतं. तुमची तीन मीटरची स्किन उन्हानं सांगाड्यापेक्षा 20 डिग्रीनं जास्त तापली तर जवळजवळ 1.4 मिलिमीटर लांब झाली, आणि भोकाची सैल जागा त्याच्या दहाव्या भागाएवढीही नसते. दार बंद करा किंवा पडदा लावा, स्किन आणि सांगाडा रात्रभर एकाच खोलीत राहू द्या आणि रिव्हेट सकाळी मारा. जबरदस्तीनं ड्रिल घालून भोकं "जुळवू" नका, संध्याकाळी जुळवलेलं सकाळी परत चुकतं.

स्टँडवरून काढलेला पंख ठेवायचा कुठे? – एक वाचक, शार्लट

पंखाचं नाक खाली, शेपटाची बाजू वर अशा उभ्या पाळण्यात. प्लायवूडचे दोन उभे तुकडे, त्यात V आकाराची खाच, खाचेत दोन थर गालिचा, दोन्ही पंख शेजारी शेजारी मावतील एवढी रुंदी आणि खाली ब्रेक असलेली चाकं. खाच रिबच्या खाली येईल अशी जागा मोजून ठेवा, दोन रिबांच्या मध्ये आली तर नुसत्या पत्र्यावर वजन पडतं. मी हा पाळणा स्टँड सोडवायच्या दिवशी करायला घेतला, तोवर एक पंख दिवाणखान्यात सोफ्यावर होता, पाहुणे येणार होते, आणि त्याची चर्चा आमच्याकडे अजून होते. तुम्ही आदल्या महिन्यात करा.

इंधनाच्या टाकीच्या सीलंटवर आलेली पत्रं पुढच्या अंकात घेतो, तोवर जुने कपडे बाजूला काढून ठेवा.